बाकीच्यांची सही

ॲशबी कॉलेजच्या प्रवेश विभागात भिंतीवर एक पांढरा फळा होता. त्यावर रकाने आखलेले असत. फुटबॉल, बेसबॉल, कुस्ती, व्हॉलीबॉल, पोहणं, गोल्फ. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर त्या त्या कोचचं नाव आणि खाली यंदा त्यानं किती मुलं आणायची तो आकडा. फळ्याच्या अगदी उजव्या कडेला, खिडकीच्या चौकटीला खेटून, एक अरुंद रकाना उरला होता. त्यावर लिहिलेलं होतं, 'बाकीचे'. आणि त्याखाली, 'मार्लिस'.

मार्लिसबाई क्रूझ सत्तावीस वर्षं त्या रकान्यात काम करत होत्या.

कॉलेजात मुलं सहाशेच्या आसपास आणि त्यातली चारशेवर कुठल्या ना कुठल्या संघातली. यात नवल काही नव्हतं. अमेरिकेतल्या आयोवात, मक्याच्या शेतांच्या मधोमध, वॉलनट फोर्डसारख्या गावात कोण कशाला शिकायला येईल? पण खेळायला मिळतंय म्हटलं की येतात. मोठ्या विद्यापीठाच्या मैदानावर ज्याला पाण्याची बाटली धरायलाही उभं करणार नाहीत, तो इथे पहिल्या अकरात खेळतो. त्यामुळे एकेक कोच तीस-तीस, चाळीस-चाळीस मुलं घेऊन यायचा. उरलेल्यांना आणायला कारण लागायचं, आणि ते दर मुलागणिक वेगळं शोधावं लागायचं. ते मार्लिसबाईंचं काम.

"तुझं बरं आहे, मार्लिस," कुस्तीचा कोच व्हॅन्स टॉलिव्हर म्हणायचा. "माझं पोरगं वजनात बसावं लागतं. तुझं नुसतं बाकावर बसलं तरी चालतं."

"तुझी पोरं पडली तरी टाळ्या मिळतात, व्हॅन्स. माझ्या पोरांना पास होऊनही मिळत नाहीत."

हे त्या हसत म्हणायच्या, पण ते हसण्यावारी नेण्याइतकं हलकं नव्हतं. अठराव्या वर्षी त्या स्वतः याच कॉलेजात आल्या होत्या. डुकरं पाळणाऱ्या घरातली मुलगी, खेळ कुठलाच नाही, फीचा काही भाग भरून निघावा म्हणून स्वयंपाकघरात बटाटे सोलायचं कबूल करून आलेली. पहिल्या दिवशी प्रत्येक संघाची जुनी मुलं आपापल्या नव्या मुलांच्या ट्रंका खांद्यावर मारून, आरडाओरडा करत वसतिगृहात वर नेत होती. मार्लिसची ट्रंक पायरीपाशीच राहिली. ती तिच्यावर बसून राहिली, आणि चार वाजता स्वयंपाकघरातल्या बाईंनी येऊन एका बाजूची कडी धरली. त्या बाईंचं नाव त्या पुढे कधी विसरल्या नाहीत. ट्रंकही ठेवली होती, कार्यालयात, माहितीपत्रकं ठेवायला.

शाळाशाळांतून फिरताना त्यांची एक रीत होती. दुपारच्या सुट्टीत जेवणघराच्या दाराशी टेबल मांडायचं आणि जे मूल थांबेल त्याला एकच प्रश्न विचारायचा. आवडता विषय नाही, मोठेपणी काय होणार तेही नाही. "शाळा सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत तू काय करतोस?"

मूल गोंधळायचं. मग काहीतरी सांगायचं. कोणी आजोबांसाठी रोजचा पाऊस नि वारा वहीत टिपून ठेवायचा. कोणी मोडकी अकॉर्डियन आणून दुरुस्त करायची. एकानं सांगितलं होतं, "लहान भावाला सांभाळतो. तो बोलत नाही. मी त्याच्याबरोबर न बोलता खेळतो." ते उत्तर मार्लिसबाई कार्डावर जसंच्या तसं लिहून घेत आणि पुढच्या प्रत्येक पत्रात त्याची आठवण ठेवत. त्या उत्तरातच अख्खं मूल असतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

आता ती सहीची गोष्ट.

फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी तिकडच्या शाळांत सह्यांचा समारंभ होतो. ज्या मुलांना कॉलेजांनी खेळासाठी निवडलेलं असतं, ती शाळेच्या मोठ्या दालनात टेबलाशी बसतात. टेबलावर कॉलेजच्या रंगाचं कापड, डोक्यावर कॉलेजची टोपी, मागे आईवडील. मूल करारावर सही करतं, अख्खी शाळा टाळ्या वाजवते, गावच्या साप्ताहिकात फोटो येतो. त्या कागदाला वजन असतं. सही केली की मुलाला दुसरीकडे खेळता येत नाही आणि कॉलेजलाही हात झटकता येत नाहीत.

बारा वर्षांपूर्वी अशाच एका समारंभात मार्लिसबाई मागच्या भिंतीशी उभ्या होत्या. शेजारी त्यांनीच निवडलेली एक मुलगी होती, गणितात शाळेत पहिली. ती तीन मुलांसाठी मनापासून टाळ्या वाजवत होती. मार्लिसबाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं आणि त्यांना ती पायरी नि ती ट्रंक आठवली. घरी जाऊन त्यांनी कॉलेजच्या चॅपलमधून काढून टाकलेला जुना हिरवा पडदा मागून आणला, कडेनं शिवण घातली, पांढऱ्या दोऱ्यानं कॉलेजचं नाव भरलं आणि स्वतःच्या टंकयंत्रावर एक कागद तयार केला. 'मी, अमुक अमुक, येत्या ऑगस्टपासून ॲशबी कॉलेजात जाण्याचं ठरवलं आहे.' खेळाच्या करारात जिथे 'खेळ' असतो तिथे त्यांनी लिहिलं, 'माझं काम', आणि पुढे रेघ.

त्या कागदाला कायद्यानं काडीची किंमत नव्हती. त्या वेळचे संचालक म्हणाले, "हरकत नाही, कोणाचं काय जातंय?" तेव्हापासून दर फेब्रुवारीत मार्लिसबाई ते कापड गाडीत टाकून शाळाशाळांत जायच्या आणि खेळाडू मुलांच्या शेजारी आपलं टेबल लावायच्या. मुलं रेघेवर लिहायची, 'गणित', 'मधमाश्या', 'भावंडं'. लोक टाळ्या वाजवायचे. सह्या झालेले कागद मार्लिसबाई कार्यालयातल्या आपल्या भिंतीवर लावत.

ब्रिटा आयलर्स त्यांना भेटली ती सप्टेंबरात, एम्सडॉर्फच्या शाळेत. उंच, खांद्यात वाकलेली, हातात सफरचंद. प्रश्न ऐकून तिनं नीट विचार केला.

"ते कोण वारलंय त्यावर आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. म्हाताऱ्या मिसेस यान्सनची बोटं आखडली, तेव्हापासून. अकरा वर्षांची होते. अंत्यविधी असला की शाळा मला सोडते."

"या वर्षात किती झाले?"

"चौदा. थंडी फार होती ना."

मार्लिसबाईंनी कार्डावर लिहिलं, 'कोण वारलंय त्यावर आहे'. आणि गाडीत बसल्यावर एकट्याच हसल्या.

ऑक्टोबरात ब्रिटा कॉलेज पाहायला आली. सोबत वडील, हार्म आयलर्स. एम्सडॉर्फच्या आसपासच्या वस्त्यांवर सव्वीस वर्षं टपाल पोचवणारा माणूस. बायको ब्रिटाच्या लहानपणीच गेलेली. हार्म बोलायचा कमी आणि जे बोलायचा ते पत्ता वाचल्यासारखं, सावकाश नि पूर्ण. चॅपलमध्ये तो शेवटच्या बाकावर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून.

ऑर्गन शिकवणारे प्रोफेसर एलवुड प्रुइट सत्तरीला आलेले होते. ऑर्गनचे खर्जातले सूर पायांखालच्या पट्ट्यांवर वाजवायचे असतात. ब्रिटानं बूट काढले, पिशवीतून आजीचे चर्चला घालायचे पातळ तळव्यांचे जोडे काढून पायांत घातले आणि बसली. तिच्या गावच्या ऑर्गनला जेवढे सूर होते त्याच्या दसपट इथे होते. पहिला सूर छातीत शिरला तसे तिचे हात क्षणभर थबकले. मग ती वाजवत राहिली. मार्लिसबाईंना संगीतातलं कळत नव्हतं, पण तिचा वाकलेला खांदा सरळ झाला, एवढं त्यांना कळलं.

वाजवणं संपल्यावर प्रुइट सरांनी तिच्या जोड्यांकडे बोट केलं. "उजवा पाय हुशार आहे," ते म्हणाले. "डावा आळशी. त्याला वाटतं कोणी बघत नाहीये."

"अंत्यविधीला कोणी पायांकडे बघत नाही, सर."

"मी बघणार. चार वर्षं बघावं लागेल."

तिथेच मार्लिसबाईंच्या मनात पाल चुकचुकली. सर लवकरच निवृत्त होणार हे त्यांनी ऐकलं होतं. त्या दुपारी त्या डीनसाहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"प्रुइट सरांच्या मागे त्यांची जागा भरणार ना? एक फार चांगली मुलगी मिळतेय."

डीनसाहेब काही वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "भरायचा विचार आहे."

चार दिवसांनी हार्म आयलर्सचा फोन आला. त्याचा एकच प्रश्न होता. ते सर म्हातारे दिसले, ते गेल्यावर मुलीला कोण शिकवणार?

"त्यांची जागा भरणार आहेत," मार्लिसबाई म्हणाल्या.

विचार आहे आणि भरणार आहेत. मध्ये एवढंसं अंतर. शब्द तोंडून निघाला तेव्हा त्यांना तो खोटा वाटला नव्हता. मुलगी यावी असं त्यांना वाटत होतं आणि जागा भरली जावी असंही वाटत होतं, आणि दोन्ही वाटणं एकात एक मिसळून गेलं. पुढे त्या स्वतःच म्हणायच्या, "आयुष्यभर मुलांचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. डीनसाहेबांचा तेवढा लिहून घेतला नाही."

फेब्रुवारीत एम्सडॉर्फच्या शाळेत हिरवं कापड अंथरलं गेलं. शेजारच्या टेबलाशी दोन कुस्तीवाले आणि एक बेसबॉलवाला होता. ब्रिटानं टोपी घातली, रेघेवर 'ऑर्गन' लिहिलं आणि गोल, शाळकरी अक्षरात सही केली. तिच्या चर्चचे पाद्री आणि बोटं आखडलेल्या मिसेस यान्सन पुढच्या रांगेत होते. मिसेस यान्सनना टाळी वाजवता येत नव्हती. त्या मनगट मनगटावर आपटत होत्या.

हार्म टपालाच्या गणवेशातच, मधल्या सुट्टीत आला होता. फोटो झाल्यावर त्यानं तो कागद हातात घेतला, उभ्याउभ्या पूर्ण वाचला, मग पुन्हा वाचला. खिशातून एक लिफाफा काढला, त्याची कड कागदावर धरून खाली एक सरळ रेघ ओढली, रेघेखाली लिहिलं 'साक्षीदार', आणि वर आपलं नाव.

मार्लिसबाईंना ते फार गोड वाटलं. कार्यालयात येऊन त्यांनी व्हॅन्सला कागद दाखवला. "बघ, माझ्या पोरांना साक्षीदार असतात."

मार्चच्या शेवटी हार्मच्याच टपालगाडीतून त्याच्याच घरी एक जाड पाकीट गेलं. त्याची खबर मार्लिसबाईंना नव्हती.

मेच्या अखेरीस विश्वस्तांची बैठक झाली. दुसऱ्या दिवशी प्रवेश विभागाचा तरुण संचालक कर्टिस हेगन यानं फळा पुसला आणि नव्यानं आखला. दोन रकाने वाढले होते. मुलींची कुस्ती आणि बोलिंग. संगीताची पदवी बंद. प्रुइट सर जूनमध्ये निवृत्त होणार, त्यांच्या जागी कोणी नाही. 'बाकीचे' हा रकाना आता इतका अरुंद झाला होता की त्यात 'मार्लिस' आडवं मावत नव्हतं. कर्टिसनं ते उभं लिहिलं होतं.

"ज्या मुलांना संगीत घ्यायचंय त्यांना पत्रं जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जातील," तो म्हणाला. "तोवर कोणी काही बोलायचं नाही."

"का?"

"मिसेस क्रूझ, तुम्हाला माहीत आहे का ते. आत्ता सांगितलं तर मुलं दुसरीकडे जातील."

"कर्टिस, आत्ता सांगितलं तरच ती दुसरीकडे जाऊ शकतील."

तो वाईट मुलगा नव्हता. त्यानं खाली पाहिलं. "वरून सांगितलंय," म्हणाला.

दुपारी व्हॅन्स टॉलिव्हर त्यांच्या टेबलाशी आला. हातात कागदात गुंडाळलेला डोनट. तो टेबलावर ठेवून उभाच राहिला. "मुलींचा संघ मी मागितला नव्हता, मार्लिस."

"ठाऊक आहे."

"पण चाळीस मुली येतील."

"तेही ठाऊक आहे." डोनट तसाच राहिला.

शनिवारी मार्लिसबाई गाडी काढून एम्सडॉर्फला गेल्या. नोकरीवर गदा येईल हे त्यांना माहीत होतं, पण त्याची त्यांना फिकीर नव्हती. मनात एकच होतं. अजून वेळ आहे. मिनेसोटातल्या एका नावाजलेल्या संगीताच्या कॉलेजात ब्रिटानं शरद ऋतूतच अर्ज केला होता, तिनंच सांगितलं होतं. तिथे कळवायचं, विनवायचं. मुलीला आपल्या हातून मोकळं करायचं.

हार्मनं दार उघडलं. एम्सडॉर्फकडच्या घरांत पाहुणा आला की आधी चहा, मग बोलणं. कपाच्या तळाशी खडीसाखरेचा खडा, त्यावर कढत चहा, खडा तडकल्याचा बारीक आवाज, वरून कडेनं सोडलेली साय. ढवळायचं नाही. तीन कप होईपर्यंत यजमान ओतत राहतो. पुरे असेल तर चमचा कपात ठेवायचा. मार्लिसबाईंची सासू याच भागातली, त्यामुळे त्यांना हे सगळं येत होतं.

पहिल्या कपात त्यांनी सांगून टाकलं. ब्रिटा टेबलाच्या कोपऱ्याशी बसली होती. तिची बोटं टेबलाच्या कडेवर, आवाज न करता, काही वाजवत होती. ती थांबली.

"सगळंच बंद?" तिनं विचारलं. "तो ऑर्गनही?"

"ऑर्गन विकणार आहेत असं म्हणतात."

हार्मनं दुसरा कप भरला. मार्लिसबाई घाईनं बोलू लागल्या. "म्हणून मी आजच आले. पत्राची वाट बघू नका. ब्रिटा, मिनेसोटाचं काय झालं? त्यांनी काही कळवलं का?"

हार्म उठला, फडताळाचा खण उघडला आणि एक जाड पाकीट आणून त्यांच्यापुढे ठेवलं. वर मार्चच्या अठ्ठाविसाव्या तारखेचा शिक्का. मार्लिसबाईंनी पत्र काढलं. चार वर्षांची पूर्ण शिष्यवृत्ती, राहणं-जेवण धरून. शिकवायला दोन प्राध्यापक. सरावाला तीन ऑर्गन. खाली कोणीतरी शाईनं लिहिलं होतं, 'तुमचं वादन आम्ही विसरलो नाही.'

त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग झालं की. हे तर आमच्यापेक्षा कितीतरी..."

"नाही म्हणून कळवलं," हार्म म्हणाला. "एप्रिलच्या चार तारखेला. मीच टाकलं पत्र."

"का?"

त्या प्रश्नाचा त्याला खरोखर अर्थ कळला नाही असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "तुमच्याकडे सही केली होती," तो म्हणाला.

मार्लिसबाईंनी पत्र खाली ठेवलं.

"पत्र आलं तेव्हा ती रडली," हार्म सांगत होता, सावकाश. "मी म्हटलं, बाळा, सही अठ्ठावीस मार्चच्या आधीची आहे. लोकांसमोर केलीय. मी साक्षीदार आहे. ती म्हणाली, बरोबर आहे डॅड. आणि तुमच्याकडेही सर चांगले होते. जागा भरणार होते."

"मिस्टर आयलर्स," त्या म्हणाल्या, "तो कागद... त्या कागदाला काही अर्थ नव्हता."

आयुष्यात त्यांनी पुष्कळ वाक्यं उच्चारली असतील. यासारखं एकही नव्हतं. बोलल्यावर ते परत घ्यावंसं वाटलं, पण घेऊन करणार काय? खरं होतं.

ब्रिटानं मान वर केली. "पण शेजारच्या टेबलावरच्या मुलांच्या कागदाला होता ना?"

"त्यांच्या होता."

"मग माझ्या?"

"तुझा मी घरी टाईप केला होता, ब्रिटा. सगळ्यांचेच करते. तुम्हा मुलांनाही टाळ्या मिळाव्यात म्हणून."

ब्रिटानं ते ऐकून घेतलं. ती रागावली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते शरमेसारखं काहीतरी होतं, म्हणजे सगळे एका खेळात होते आणि एकट्या तिलाच ते खरं वाटलं होतं, अशी शरम. मार्लिसबाईंना ते सगळ्यात जास्त लागलं. मूल रागावलं तर त्याची समजूत घालता येते.

"मी सोमवारी त्यांना फोन करते," त्या म्हणाल्या. "माझी चूक म्हणून सांगते."

"करा," हार्म म्हणाला. मग विचारलं, "तो कागद कुठे आहे?"

"माझ्या कार्यालयात. भिंतीवर."

"तो परत पाठवा. त्यावर माझं नाव आहे."

"मी स्वतः घेऊन येते."

"नको. टपालानं पाठवा." त्यानं चमचा उचलला आणि आपल्या कपात ठेवला. मार्लिसबाईंचा दुसरा कप अजून भरलेलाच होता.

सोमवारी त्यांनी फोन केला. पलीकडची बाई समजूतदार होती, तिनं सगळं ऐकून घेतलं, एकदाही मध्ये बोलली नाही. ब्रिटाची जागा एप्रिलच्या मध्यालाच यादीतल्या पुढच्या मुलीला दिली होती. विस्कॉन्सिनची मुलगी. "ती फार आनंदात आहे," बाई म्हणाली.

"असणारच," मार्लिसबाई म्हणाल्या.

पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल, आम्ही जरूर विचार करू, असंही बाईनं सांगितलं. ते मार्लिसबाईंनी एम्सडॉर्फला कळवताना शब्दन् शब्द लिहून कळवलं. 'विचार करू' म्हणालेत. घेणार असं म्हणालेले नाहीत.

मग त्या खुर्चीवर चढल्या आणि भिंतीवरचा कागद उतरवला. टाचणीचं भोक 'ऑर्गन' या शब्दाच्या किंचित वर पडलं होतं. सोबत ठेवायला त्यांनी पत्र लिहायला घेतलं. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. शेवटी नुसताच कागद, दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून, पाकिटात घातला.

वॉलनट फोर्डच्या टपाल कचेरीत खिडकीवरच्या मुलीनं पाकीट वजनाला लावलं. "साधं पाठवू की पोचपावतीनं? आत काही महत्त्वाचं आहे?"

मार्लिसबाईंनी पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला. मागे दोन माणसं उभी होती.

"महत्त्वाचं आहे," त्या म्हणाल्या. "ज्याचं त्याला मिळाल्याची सही हवी."

त्यांच्यावर कारवाई काही झाली नाही. त्या एम्सडॉर्फला गेल्याचं कर्टिसला कळलं होतं, पण त्यानं वर सांगितलं नाही. अजून दोन वर्षं त्या नोकरीत होत्या. जेवणघरांच्या दारांशी टेबल मांडत होत्या, तोच प्रश्न विचारत होत्या. पण एखाद्या मुलानं विचारलं, "अमुक शिकवणार ना?" की त्या म्हणायच्या, "आज शिकवतात. चार वर्षांचं मला माहीत नाही." मुलं मान हलवायची आणि पुढच्या टेबलाकडे जायची. फेब्रुवारीत त्या कापड घेऊन कुठे गेल्या नाहीत. काही शाळांनी विचारलं. त्यांनी सांगितलं, फाटलं.

ऑक्टोबरात ऑर्गन उतरवला गेला. नळ्यांवर खडूनं आकडे घालून त्या एका ट्रकमधून दक्षिणेकडे गेल्या. प्रुइट सर बघायला आले नाहीत. त्यांनी ब्रिटाला दोन पत्रं लिहिली होती, शनिवारी घरी ये, साध्या पियानोवर का होईना, म्हणून. ती एकदा आली. "डावा पाय अजून तसाच आहे," तिनं त्यांना सांगितलं, "आणि पियानोला त्याचं काही कामच नाही." पुढल्या वर्षी तिनं अर्ज केला नाही. एम्सडॉर्फच्या वृद्धाश्रमाच्या धोबीघरात तिला काम मिळालं होतं. दुपारी अंत्यविधी असला की तेही तिला सोडत.

निवृत्तीच्या दिवशी मार्लिसबाईंनी आपलं टेबल रिकामं केलं. त्यांच्या जागी कोणी येणार नव्हतं, म्हणून कार्यालयातली एक नवी मुलगी खोकी भरायला मदत करत होती. ट्रंकेच्या तळाशी घडी केलेलं हिरवं कापड निघालं, आणि त्या घडीत एक हिरवंच, जाड कागदाचं कार्ड.

"ही कसलीशी पोचपावती आहे. दोन वर्षांपूर्वीची," मुलगी म्हणाली. "टाकून देऊ?"

"नको."

मार्लिसबाईंनी ते घेतलं आणि खिडकीपाशी गेल्या. ते आलं त्या दिवशी त्यांनी हेच केलं होतं. हार्म आयलर्सनं ते पाकीट इतर पाकिटांसारखं आपल्या घराच्या टपालपेटीत सरकवलं नव्हतं. सही लागते, आणि ती टपालवाल्याची स्वतःची चालत नाही, म्हणून तो गाडीतून उतरला असणार, स्वतःच्या घराच्या पायऱ्या चढून त्यानं स्वतःचंच दार वाजवलं असणार, आणि मुलगी दारात येईपर्यंत गणवेशात बाहेर उभा राहिला असणार. कारण 'मिळालं' या शब्दापुढे गोल, शाळकरी अक्षरात सही होती. ब्रिटा आयलर्स.